टोपीखालचा फोन

माझ्या मुलीच्या सुपारीला मी पाटावर हजर होतो. म्हणजे पाटावर बायकोचा फोन होता आणि फोनात मी होतो.

मी ट्रक चालवतो. महिन्यातले बरेच दिवस रस्त्यावर, त्यामुळे घर माझ्या खिशात असतं. रेंज असेल तेवढंच. ढोकीला आमच्या घरी सोयरीक पक्की करायला पाहुणे येणार, त्या दिवशी मी बायकोला कळवलं, ‘माल उतरला नाही, हैदराबादच्या पलीकडं अडकलोय.’ प्रत्यक्षात मी जळकोटच्या ढाब्यावर बाजेवर बसलो होतो. (तिथून घर जेमतेम दोन तासांवर. हे लिहितानाही मान खाली जाते.)

कारण असं, की सुपारीत बापाला बोलावं लागतं. मुलगी काय शिकली, पुढं काय करणार, हे त्यानं सांगायचं. आणि आमच्या वैशालीच्या कोर्सचं नाव मला येत नव्हतं! फी भरली, तिला एसटीत बसवून दिलं, पण नाव कधी धड ऐकलं नाही. फोनवर असलं की अडचणीला रेंज कामाला येते, असा माझा हिशेब.

मुलाचे वडील दत्तूअण्णा यांनी पहिलाच प्रश्न तो विचारला.

‘पाव्हणं, मुलीनं नेमका कशाचा कोर्स केलाय?’

‘हॅलो, आवाज तुटतोय.’

‘कोर्स, कोर्स.’

‘हां. लई चांगलाय कोर्स.’

मग आहेर सुरू झाले. आमच्याकडं मानाच्या माणसाला टॉवेल-टोपी केल्याशिवाय उठत नाहीत, आणि दत्तूअण्णा रीतीचे पक्के. त्यांनी फोनला कुंकू लावलं (मला एक भलंमोठं लाल बोट अंगावर येताना दिसलं), मागं टॉवेल ठेवला आणि वरून टोपी घातली. फोनचं डोकं केवढं? टोपी थेट पाटापर्यंत उतरली. माझ्याकडं अंधार. त्यातच ढाब्यासमोरून दोन ट्रक हॉर्न वाजवत गेले, तिकडचं काही ऐकू येईना. मला वाटलं, रेंज गेली. देव पावला.

मागच्या बाजेवर माझे जोडीदार ड्रायव्हर मामू बशीत चहा ओतत होते.

‘सुटलो, मामू,’ मी म्हणालो. ‘कोर्स इचारायलेत. मला काय ठाऊक पोरीचा कोर्स?’

‘कमाल करतोस रे. बाप हैस ना तिचा?’

‘हाय की. पण त्यात रक्ताच्या बाटल्या असत्यात, येवढंच मला कळतंय.’

‘मग घरी जाऊन इचारायचं. दोन घंट्याचा तर रस्ता.’

‘तिथं समद्यांम्होरं मुक्यावानी बसण्यापरीस हितं शेवभाजी बरी.’

पडदा एकदम उजळला. टोपी हातात घेऊन वैशाली वाकली होती. मागं वीस-पंचवीस माणसं, आणि एकही हालत नव्हतं.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘सगळं ऐकू येतंय.’

अशा वेळी माणूस माफी मागतो. मी तोंड अर्धवट उघडं ठेवून स्थिर झालो. पडदा अडकलाय असं वाटावं म्हणून पापणीसुद्धा हलवली नाही.

‘अडकले वाटतं,’ बायको म्हणाली. बिचारी सावरून घेत होती.

‘हे अडकलेत,’ दत्तूअण्णा म्हणाले, ‘पण मागचे चाचा चहा पिताना हलायलेत की.’

मामूंनी माझ्या खांद्यावरून वाकून त्यांना सलाम केला.

‘आन् ही भिंत जळकोटच्या ढाब्याची हाय,’ दत्तूअण्णा पुढं म्हणाले. ‘म्या कायम थांबतो तिथं.’

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आधी पापण्या न मिटल्यामुळं, मग खरोखरच.

‘बाबा, लॅब टेक्निशियन म्हणतात त्याला,’ वैशाली हळू म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मग पाहुण्यांकडं वळून म्हणाली, ‘रोज फोन करतात मला. फक्त जेवलीस का, येवढंच विचारतात.’

आता ही माणसं उठणार, आणि माझ्या शेवभाजीपायी पोरीची सोयरीक मोडणार, एवढंच माझ्या डोक्यात.

‘पोरगी खरं बोलती,’ शेवटी दत्तूअण्णा म्हणाले. ‘आमाला पोरगी न्यायचीय, बाप थोडाच न्यायचाय? फोडा सुपारी. पण पाव्हणं, लग्नापातुर तुमचं लाइव्ह लोकेशन आमच्याबी फोनवर चालू ठेवायचं.’

तेव्हापासून माझ्या ट्रकवर दोन घरांची नजर असते. परवा दत्तूअण्णांचा फोन आला, ‘तासभर झालं, नळदुर्गहून हलला न्हाईत. काय अडचण?’

खरी अडचण अशी होती. मामू माझ्याकडून वैशालीच्या विषयांची नावं पाठ करून घेत होते. मामूंची सगळी पाठ झाली होती, माझीच व्हायची होती.