विलायतेचा निकाल आणि आमचं पाळणाघर

आष्टीच्या आमच्या महिला मंडळात नवरात्रात वादविवाद स्पर्धा होते. तिचा एक नियम आहे. बाजू आपण निवडायची नाही. विषय फळ्यावर लिहिला की चिठ्ठी उचलायची आणि जी बाजू निघेल ती मांडायची. तुमचं स्वतःचं मत काय, हे कोणी विचारत नाही.

त्या वर्षीचा विषय सचिवबाईंनी पेपरातून काढला होता. विलायतेच्या पंतप्रधानांनी राणीची सही घेऊन तिथली संसद पाच आठवडे स्थगित केली होती. मोठ्या निर्णयाची मुदत तोंडावर आली होती आणि खासदार प्रश्न विचारत होते, नेमकं तेव्हाच. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की ही स्थगिती बेकायदा आहे, आणि पुढे असंही सांगितलं की ती झालीच नाही असं समजायचं. दुसऱ्या दिवशी खासदार आपापल्या जागी येऊन बसले. हा निकाल योग्य की अयोग्य, यावर आम्ही बोलायचं होतं.

लंडनच्या राणीचं आपल्याले काय करायचं आहे, असं दोघी-तिघींनी विचारलं. सचिवबाई निवृत्त शिक्षिका. त्या म्हणाल्या, मागच्या वर्षी मोबाईलवर विषय ठेवला होता, तेव्हा तुम्ही अर्ध्या झोपल्या होत्या.

या विषयावर मात्र कोणी झोपणार नव्हतं, कारण तेव्हा आमच्या मंडळाची सर्वसाधारण सभासुद्धा तहकूब होती.

मंडळाच्या हॉलमध्ये दिवसा पाळणाघर चालतं. दुकानात, दवाखान्यात, पंचायत समितीत कामाला जाणाऱ्या बायका सकाळी मुलं सोडतात आणि संध्याकाळी नेतात. अध्यक्षबाईंनी हा हॉल दिवाळीनंतर पूर्ण वेळ एका शिकवणी वर्गाला द्यायचं ठरवलं होतं. सभेत विचारलं नव्हतं. मी हा विषय सभेत घ्या असं कळवलं, आणि चारच दिवसांत फळ्यावर सूचना लागली: सणासुदीमुळे दसऱ्यानंतरच्या शनिवारची सभा पुढील सूचनेपर्यंत तहकूब. पुढील सूचना दिवाळीनंतरच येणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

यात माझा स्वार्थ होता, तो सांगून टाकते. आमचं हार्डवेअरचं दुकान मी चालवते. मदतीला एक बाई आहे. तिचं दीड वर्षाचं पोर त्या पाळणाघरात असायचं. घरी सांभाळणारं कोणी नाही, आणि घर तिच्याच पगारावर चालतं. ती मला सरळ म्हणाली, "भाभी, पाळणाघर बंद झालं तर मले नाई जमनार. तुम्ही दुसरी पाहून ठेवा." रडली वगैरे नाही. सांगितलं आणि पाइप मोजायला गेली. मला दुसरी नको होती.

चिठ्ठ्या उघडल्या. माझ्या चिठ्ठीत होतं ‘निकाल अयोग्य’, म्हणजे मी सरकारची बाजू मांडायची. अध्यक्षबाईंच्या चिठ्ठीत ‘निकाल योग्य’. हॉलमध्ये खसखस पिकली. कोणीतरी म्हणालं, अदलाबदल करून घ्या. अध्यक्षबाईंनी ठाम नकार दिला. चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. कॉलेजात असताना त्यांनी वर्ध्याला वादविवादाची ढाल जिंकली होती आणि ती अजून त्यांच्या दिवाणखान्यात आहे. स्पर्धेला त्या घाबरणाऱ्या नव्हत्या.

नवऱ्याचं म्हणणं पडलं की नाव काढून घे, उगाच शोभा होईल. जाऊबाई म्हणाल्या की मुद्दाम रडतखडत बोल, म्हणजे सरकारची बाजू आपोआप पडेल. मला ते पटलं नाही. मी लुळं बोलले असते तर अध्यक्षबाईंना दोन वाक्यांत निभावता आलं असतं. मी घट्ट बोलले तर त्यांना पुरतं उत्तर द्यावं लागणार होतं. आणि ते उत्तर मला त्यांच्याच तोंडून, सगळ्या सभासदांसमोर हवं होतं. म्हणून मी काउंटरवर बसून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, विलायतेच्या पंतप्रधानांची वकिली तयार केली.

स्पर्धेच्या दिवशी हॉल भरला होता. पाळणे भिंतीकडे सरकवले होते. मी आधी बोलले. म्हणाले, निवडून दिलेल्या माणसावर भरवसा ठेवायला शिका. रोज सभा, रोज प्रश्न, मग काम कधी करायचं? पाच आठवड्यांनी संसद पुन्हा भरणारच होती, कोणी कायमची मोडली नव्हती. राणीने सही केली, रीत पाळली गेली. आणि घरातल्या कारभारात न्यायालयाने डोकावायचं काय कारण? आज संसदेत डोकावले, उद्या माजघरात येतील.

यातला बराच माल मी अध्यक्षबाईंकडूनच घेतला होता. सभा का तहकूब केली, हे त्यांनी ज्याला त्याला याच शब्दांत सांगितलं होतं. बायका माझ्याकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होत्या. ‘राणीने सही केली’ म्हटल्यावर मागून आवाज आला, "तिले इचारलं तरी कोनं?" तो मंडळाच्या सर्वांत जुन्या सभासदाचा टोमणा. आम्ही तिला मोठी काकू म्हणतो. संत्र्याची मोठी बाग, मंडळाच्या हॉलला जागा तिनेच दिलेली, त्यामुळे तिला गप्प बसवायची सोय नाही.

अध्यक्षबाई उठल्या. त्यांना डाव कळला होता, हे पदर खोचण्यावरूनच दिसलं. पहिली दोन मिनिटं त्या जपून बोलल्या, इंग्रजांची राज्यघटना लेखी नाही वगैरे. टाळ्या आल्या नाहीत. मग त्यांच्यातली ढालवाली जागी झाली. माझा एकेक मुद्दा त्यांनी घेतला आणि फाडला. सभा पुन्हा भरणार होती हे खरं, पण मुदत उलटल्यावर भरून उपयोग काय? भरवसा मागणाऱ्याने प्रश्नांना भ्यायचं कशाला? रीत पाळून केलेली लबाडी ही लबाडीच. मग थांबल्या, आवाज खाली आणला, आणि म्हणाल्या, "ज्याला जाब द्यायचा आहे, सभा बंद करायचा अधिकार त्याच्याच हातात दिला, तर जाब विचारायचा कोणी आणि कुठे?"

काय बोलल्या! मीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर मोठी काकू म्हणाली, "मंग आपली सभा काऊन बंद आहे व बाई?"

अध्यक्षबाई म्हणाल्या, "काकू, हे स्पर्धेतलं बोलणं आहे."

"असन. पन खोटं होतं काय?"

अध्यक्षबाई खाली बसल्या. परीक्षकांनी पहिला नंबर त्यांना दिला, दुसरा मला, आणि तो निकाल न्यायाचाच होता. बक्षीस घेताना माझ्या हाती माइक आला. मी एवढंच सांगितलं की माझी बाजू हरली. स्थगिती झालीच नाही असं समजायचं, हा निकाल या हॉलने योग्य ठरवला. तेव्हा आमची सभाही ठरल्या दिवशीच आहे, शनिवारी चार वाजता. मी येणार.

शनिवारपर्यंतचे दिवस गोड नव्हते. विलायतेचा कायदा आष्टीत लागू होत नाही, असा निरोप अध्यक्षबाईंच्या घरून आला. मी कळवलं, बरोबर आहे, इथे मंडळाचे नियम लागू आहेत, आणि त्यांत एकटीने सभा तहकूब करायची तरतूद दाखवा. रोज दुपारी दुकान बंद करून मी सभासदांच्या घरी गेले. अध्यक्षबाईंविरुद्ध बोलायचं नाही, फक्त या, असं सांगत होते. काही म्हणाल्या येतो आणि आल्या नाहीत. काही म्हणाल्या बघू आणि आल्या.

शनिवारी सतरंज्या पुरेशा भरल्या. अध्यक्षांची खुर्ची रिकामी होती. सचिवबाईंनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, आजच्यापुरता कोणीतरी अध्यक्ष निवडा. मोठ्या काकूचं नाव निघतंय तेवढ्यात अध्यक्षबाई आत आल्या.

"मी सभा बोलावलेली नाही," त्या म्हणाल्या. कोणी उठलं नाही. मग त्यांनी खुर्ची ओढली. "पण भरलीच आहे, तर अध्यक्षाशिवाय चालवू नका. विषय मांडा."

मी मांडला. दोन तास खडाजंगी झाली. अध्यक्षबाईंचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. हॉलचं छत गळत होतं, आणि पाळणाघराच्या पैशांत ते दुरुस्त होण्यासारखं नव्हतं. मला शिकवणी वर्ग मुळीच नको होता. ते काही मिळालं नाही. शेवटी हात वर करून ठरलं ते असं: सकाळपासून संध्याकाळी सहापर्यंत पाळणाघर, नंतर शिकवणी, आणि पहिल्या भाड्यातून छत. अध्यक्षबाईंनी स्वतःचा हात सर्वांत आधी वर केला. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

शिकवणीवाल्यांनी बाक आधीच आणून टाकले होते आणि ते पाळण्यांच्या मधोमध पडले होते. सभा संपल्यावर आम्ही ते एकेक उचलून भिंतीला लावले. एका बाकाचं दुसरं टोक अध्यक्षबाईंनी धरलं होतं. "जरा तुमच्या बाजूने उचला, भाभी," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मी उचललं.

सोमवारी दुकान उघडताना मदतनीस बाई आली ती एकटी. पोर नेहमीसारखं पाळणाघरात सोडून आली होती. मी तिला सिमेंटच्या गाडीचं बघायला सांगितलं.