लिंबाखाली लागणारा फोन

गुरुबसप्पाला राग आला की तो आवाज चढवत नसे, यंत्र सुधारत बसे. नांदेडच्या एका लहानशा कारखान्यात तो सार्वजनिक फोनसाठी बिनतारी डबा बनवत होता. फोनची तार डब्याला जोडायची, त्याचा अँटेना उंचावर चढवायचा आणि बिनवायरचा फोन हातात घेऊन माणसानं मैदानाएवढ्या घेऱ्यात कुठंही जाऊन बोलायचं.

लोक विचारत, जायचं कशाला? बूथला काच असतेच की. त्यांनी किल्लारीच्या भूकंपाच्या दिवशी बूथवर रांग लावली नव्हती. गुरुबसप्पानं लावली होती. निलंग्याची लाईन लागली तेव्हा गर्दीनं काचेचं दार उघडंच राहिलं होतं. थोरली बहीण गुरम्मा गेली, हे त्याला सगळ्या रांगेदेखत कळलं. मागच्यानं खांद्यावर हात ठेवला आणि त्याच दमात म्हटलं, "झालं असंल तर सरका जरा."

माणसाला रडायला आडोसा पाहिजे, एवढ्या एका हट्टावर त्यानं पुढची काही वर्षं घालवली.

पहिला डबा लातूरला गेला, किशनराव सरांच्या क्लासच्या वसतिगृहात. भूकंपानंतर लातुरात दोन गोष्टी उगवल्या, पत्र्याच्या खोल्या आणि कोचिंग क्लास. सरांकडे दोन्ही होत्या. भूकंपाच्या धास्तीनं ते स्वतः स्लॅबखाली बसत नसत, म्हणून अंगणात चारी बाजूंनी पत्र्याची केबिन. पोरं मात्र स्लॅबखाली, पार तिसऱ्या मजल्यापर्यंत. गुणवत्तेला उंची लागते.

गुरुबसप्पानं अंगणातल्या लिंबावर अँटेना चढवला. सरांना डबा आवडला, घेर आवडला नाही. घरी फोन करायचा तो त्यांच्या टेबलासमोर उभं राहून, असा नियम होता. पोरं आईचा आवाज ऐकला की नको ते बोलतात. हदगावची तनुजा मागं "मला झोप लागत न्हाई" म्हणाली, तेव्हा सरांनी बोटानं फोन दाबून लाईनच कापली होती. हे सरांनीच सांगितलं, शिस्तीचा दाखला म्हणून.

"ताकद कमी करा," ते म्हणाले. "केबिनपुरती बास."

गुरुबसप्पाला राग आला. भांडला असता तर डबा नांदेडला परत आणि तनुजा टेबलासमोर परत. त्यानं डबा खोलला आणि सांगितल्याप्रमाणे ताकद कमी केली.

केबिनमध्ये फोनवर नुसती खरखर. लिंबाखाली तनुजाला हदगाव लख्ख लागलं.

"इथं लागत न्हाई हो," सर म्हणाले.

"ताकद तुम्हीच कमी करायला लावली. पत्र्यात शिरायला तीच लागती."

"मग अँटेना आत आणा."

"मी उतरवणार न्हाई. ऐकायचंच असंल तर स्लॅबखाली खुर्ची टाका, सर. व्हरांड्यात लागतंय."

फीची पेटी घेऊन उघड्यावर झाडाखाली बसणं सरांना जमणारं नव्हतं. त्यांनी वर स्लॅबकडं पाहिलं. खुर्ची हलली नाही.

गुरुबसप्पाचा राग तसूभर उतरला नव्हता. मैदानाएवढा घेर एका झाडापुरता उरला होता आणि पोरं स्लॅबखालीच होती. लिंबाआड तनुजा हुंदके देत बोलत होती. त्यानं तिच्याकडं पाठ केली. फोनसाठी थांबलेल्या रांगेतला पहिला पोरगा पुढं सरकला.

"थांब," गुरुबसप्पा म्हणाला. "तिचं होऊ दे."