बांधावरच्या समाधी

शेजारचे बाबा मेलेल्या माणसाचं नाव घेताना डोक्यावरची टोपी काढतात. त्यांचं रान कंपनीच्या गोदामाला गेलं. बांधावर घरच्यांच्या समाधी होत्या आणि सोमवारी तिथे बुलडोझर फिरणार होता. त्या वाचाव्यात म्हणून त्यांनी माझ्याकडून वहीत सगळ्यांची नावं लिहून घेतली. एका लहान दगडाशी ते अडले.

“काय लिहू, बाबा?”

“बारशाआदीच गेलं ते. पर हाय म्हणून लिव्ह, पोरी.”

वही घेऊन आम्ही तलाठ्याकडे गेलो. मी लाजून दाराबाहेरच थांबले. तिथून मला दिसलं, तलाठ्याने वही उघडलीसुद्धा नाही. “सातबाऱ्यावर समाधींची नोंद नाही,” एवढंच म्हणाला.

बाबा बाहेर आले. वही माझ्या हातात देत म्हणाले, “तुजं अक्षर लई झ्याक हाय म्हनला सायेब.”