पिवळे पाय

पक्ष्यांवर लिहिण्याइतका मी जाणता नाही. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, पक्षी ओळखायलाही तिथंच शिकलो; चुकलं तर सांभाळून घ्या. पण आज सायकलच्या चाकाला वाळलेल्या गाळाचा वास आला आणि नांदूरघाटाजवळच्या तळ्यावरची गेल्या हिवाळ्यातली दुपार आठवली. टिलव्यांच्या, म्हणजे हिवाळ्यात येणाऱ्या चिमणीएवढ्या पाणपाखरांच्या, थव्यात एक मला वेगळा वाटत होता. पाय पिवळे असले तर तो लांब बोटांचा टिलवा, आमच्याकडं कुणी न पाहिलेला. काळे असले तर नेहमीचाच. आणि पायांना नेमका गाळ चिकटलेला. तो पाण्यात उतरून पाय धुतले जाईपर्यंत म्हशी अडवा, असं मी त्या पाण्यावर घेऊन आलेल्या चुलत्यांना विनवलं. "तहानल्यात रं त्या. पाखराच्या पायासाठी कोंडू व्हय?" असं म्हणत त्यांनी काठी आडवी धरली. म्हशी रेटत होत्या आणि तो काठावरच किडे टिपत होता. शेवटी एक म्हैस काठी ढकलून पाण्यात शिरली. थवा उडाला. पण तो एकटा पलीकडं उथळ पाण्यात उतरला आणि चालत दगडावर चढला. पाय पिवळेच वाटले, पण ऊनही पिवळं होतं. दुर्बिणीला मोबाइल लावून काढलेला फोटो मी पक्ष्यांच्या नोंदी तपासणाऱ्या बीडच्या सरांना पाठवला. नंतर किती महिने फोन वाजला की जीव वरखाली व्हायचा. आज संध्याकाळी सरांचा निरोप आला: तोच आहे, नोंद पक्की. काठी ढकलणाऱ्या त्याच म्हशीची धार काढत बसलेल्या चुलत्यांना सांगितलं, तर मान वर न करता म्हणाले, "मंग हिचं बी नाव लिवा म्हनावं."