ओळीनं ऐकायच्या एलपी

बातमी आली तेव्हा सावनेरच्या सलूनमध्ये माझी अर्धी दाढी झाली होती. शेजारचे गुरुजी दारातूनच म्हणाले, "नागपूरचा फोन होता. तुमचे भाऊजी गेले." मी तसाच उठलो आणि अर्ध्या दाढीने एसटीत बसलो. ताईच्या घरी कुणाच्या लक्षातही आलं नाही. भाऊजींच्या आलं असतं. म्हणाले असते, "काहून गा साळेबुवा, एकाच बाजूनं वाजून राहिला काय?" त्या दिवशी माझी टर उडवणारं कुणी नव्हतं, आणि ते काही बरं वाटलं नाही...

भाऊजी कापड मिलमध्ये लूमवर होते. इंग्रजीचा गंध नाही, पण जीव जडला होता एका विलायती रॉक गायकावर. साठ-पासष्ट सालच्या सुमारास रेल्वे कॉलनीतल्या एका अँग्लो-इंडियन गार्डाकडे नाताळचा केक खायला गेले आणि या गायकाची रेकॉर्ड ऐकून आले. रेकॉर्ड झिजलेली, भज्यांच्या कढईसारखी तडतडणारी. पण त्या तडतडीमागे तो माणूस फार हळुवार गात होता म्हणे. "कानापाशी येऊन बोलते गा तो. फक्त मधात पडदा हाये." तो पडदा नसलेला, जसा गायला तसा आवाज भाऊजींना एकदा ऐकायचा होता.

मग ते खूळच झालं. त्याच्या साऱ्या एलपी जमवायच्या, त्याही कोऱ्या. सुई फिरली की रेकॉर्ड झिजते, म्हणून संच पूर्ण होईपर्यंत एकही वाजवायची नाही. नंतर चांगलं मशीन आणून पहिलीपासून शेवटचीपर्यंत ओळीनं ऐकायच्या. आमच्या घरात याचं कुणाला नवल वाटलं नाही. आमच्याकडे चांगलं ते पेटीतच असतं. ताईचा शालू पेटीत, पाहुण्यांचे कप फळीवर, आणि माझा लग्नातला सूट मी इतका जपला, की घालायला काढला तेव्हा पोट सुटलं होतं. मे महिन्यात ताईकडे जमलो की आम्ही सारे गच्चीवर आणि घरातला एकुलता कूलर एलपींच्या कपाटासमोर. ताई म्हणायची, "माह्यी सवत विलायती हाये न बाबा, तिले ऊन नाही सोसत."

शेवटी एकच एलपी राहिली होती. तिच्यात वर्षं गेली. अखेर सीताबर्डीच्या दुकानदारानं ती कुठून तरी मिळवून दिली, मशीनही आलं, आणि एका रविवारी मला बोलावणं आलं. भाऊजी न्हाऊन, इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. पहिली एलपी त्यांनी लेकराला झोपवावं तशी मशीनवर ठेवली, सुई टेकवली. आवाज आला, आणि माझ्यासारख्या बेसूर माणसाच्याही अंगावर काटा आला.

"चालू झाली काय गा?" भाऊजींनी विचारलं.

मी मान डोलावली. त्यांनी बटण फिरवलं, आणखी फिरवलं. शेजारी घराबाहेर आले. "वायर लूज असंन," म्हणत ते मशीनच्या मागे वाकले. ताई माझ्याकडे बघत होती. मिलच्या खडखडाटात सारे ओरडूनच बोलत. त्या सवयीनं ते घरीही ओरडत, म्हणून आम्हीही ओरडत. त्यांचे कान कधी गेले, हे त्या ओरडण्यात कुणाला कळलंच नव्हतं. त्यांनाही नाही.

ते पुन्हा खुर्चीत बसले. बराच वेळ कान देऊन मग म्हणाले, "ढोल येते आयकू... माणूस नाही येत."

त्यांनी सुई उचलली, एलपी पुसली, कव्हरात घातली. पुढे डॉक्टर झाले, कानातलं यंत्र झालं. त्यातून नुसत्या शिट्ट्या येत. मी विनोद करून पाहिले, पण माझे विनोद ऐकू येणाऱ्यांनाही कळत नाहीत. त्या कपाटाला भाऊजींनी पुन्हा हात लावला नाही.

तेरवीनंतर काही आठवड्यांनी मी ताईला म्हटलं, एक तरी लावून पाहू, कुणीतरी ऐकायला हवं. मी दुसरी एलपी काढली. तिच्यावरचं प्लॅस्टिकही फोडलेलं नव्हतं. मी नख लावलं तशी ताईनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

"राहू दे."

"काहून वं ताई? आता कोनासाठी ठेवतं?"

"कोनासाठीच नाही. यायनं नाही आयकला त्याले, त मी काहून आयकू?"

तिनं ती जागेवर उभी ठेवली, कपाट लावलं आणि भात टाकायला आत गेली. साऱ्या एलपी तिथेच आहेत, ओळीनं. एकीवरही ओरखडा नाही.