लिलाबाईने न दिलेलं पातेलं

एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाल्यापासून आधारआबांच्या दानाला ब्रेकच उरला नव्हता. थंडीत कोणी कुडकुडताना दिसला की स्वेटर गेला. सायकल गेली. तिच्यामागून हवेचा पंपही गेला, कारण "पंपाशिवाय सायकल म्हणजे अर्धं दान, लिला." चोपडा गावात सगळे म्हणतात, आबा म्हणजे सोन्यासारखा माणूस.

"सोन्याशी संसार करून बघा एकदा," लिलाबाई म्हणते.

त्या सकाळी अंगणात चूल पेटली होती. भिजवून आंबवलेली ज्वारी दळून बादल्यांत तयार. साक्रीच्या लग्नघरची बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, ऑर्डर. थापायला मंजुळाबाई आणि आणखी दोघी येऊन बसलेल्या. लिलाबाई मोठं पातेलं आणायला मागच्या खोलीत गेली आणि रिकाम्या हाताने बाहेर आली.

"सुयशना बाप, मन्हं पातेलं कोठे शे?"

आबांनी पेपर आणखी वर धरला. "विहारमा."

"कसाले?"

"दान दिधं. बुद्धपौर्णिमेची खीर दरवर्षी भाड्याच्या भांड्यात शिजते, बरं दिसतं का? आणि नाव तुझंच घातलंय हां त्यावर!"

"कोणले इचारीसन?"

"चांगल्या कामाला विचारायचं काय त्यात?"

"मग स्वतःची खाट द्यायची होती!"

"खाटेवर खीर शिजत नाही, लिला."

मंजुळाबाईने पदर तोंडाला लावला. लिलाबाईला मात्र रडू येईना की हसू येईना. "आज ह्या पिठाचा घाटा शिजला नाही, तर उद्या ते फेकावं लागेल. ह्या बाया हात हलवत घरी जातील. उन्हाळ्याच्या बिबड्यांवर वर्षाचं घर चालतं आपलं."

"पेन्शन शे ना."

"कोठे शे? तीबी दानमा गयी!"

ती तशीच निघाली. वाटेत भांड्यांवर नावं कोरणारे जहांगीरभाई दुकानातून ओरडले, "भाभी, अक्षर कसं उमटलं?"

"फार छान. माझ्या छातीवर उमटलं."

विहारात पातेलं दर्शनी ठेवलेलं, वर झेंडूचा हार. 'लिलाबाई यांचेकडून सप्रेम दान.' त्यातलं 'सप्रेम' वाचून तिचं डोकंच फिरलं. पण वंदना चालू होती, म्हणून ती मागे बसली. भंतेजी पंचशील देत होते, लोक मागून म्हणत होते. दुसरं शील आलं. "अदिन्नादाना वेरमणी..." सगळे म्हणाले. लिलाबाई तिथेच थांबली.

वंदना संपताच ती उभी राहिली. "भंतेजी, दुसरं शील काय सांगतं?"

"जे दिलेलं नाही ते घेऊ नये."

"हे पातेलं मी दिलेलं नाही."

तिच्या मागोमाग आलेले आबा दारात एका पायात चप्पल घेऊन तसेच राहिले. "लिला, नाव तर तुझंच आहे!"

"म्हणूनच विचारते, माझ्या नावाने दिलं कोणी?"

विहार समितीचे रतिलालनाना घसा खाकरून म्हणाले, "अक्का, दान परत मागतात का कुठे?"

"नाना, दिलंच नाही तर परत काय मागू? मागच्या पावसाळ्यात वर्षावासाच्या प्रवचनात भंतेजींनीच सांगितलं, भगवंतांनी गृहस्थाला कमाईचे चार वाटे करायला सांगितले. एक खायला, दोन धंद्याला, एक अडीनडीला. ह्यांनी माझा धंदाच उचलून इथे आणून ठेवला. पुढच्या वर्षी दान कशातून करू, ह्यांच्या पंपातून? तोही गेला!"

भंतेजींनी आबांकडे पाहिलं. "आधारजी, तुमचं स्वतःचं काय दिलंत?"

"माझं..." आबा खरोखर आठवू लागले. "माझं काही उरलेलंच नाही, भंतेजी."

इतक्या भोळेपणाने म्हणाले, की धड रागावताही येईना. हेच तर दुखणं होतं.

भंतेजींनी हार उतरवला. "घेऊन जा, लिलाताई."

"जाते. पण ऐका सगळे. पौर्णिमेला सकाळी पातेलं येईल, खीर मी ढवळीन, दुपारी घासून घरी नेईन. दरवर्षी. हे दान माझं. मी देते."

पातेलं आबांच्याच डोक्यावर देऊन तिने घरी आणलं. ढवळायला लाकडी डावही त्यांच्याच हातात दिला. धुराने 'सप्रेम' काळं पडत गेलं, जिऱ्या-लसणाचा वास गल्लीभर सुटला. लिलाबाई बाजेवर ओलं कापड पसरून वळते, तर जहांगीरभाई गरम घाटा घेऊन फाटकाबाहेर पडत होते.

"डाव ठेवा खाली!"

"अगं, एकच वाटी दिली."

"आणि वाटी?"

आबांनी खाली वाकून चुलीत लाकूड सारलं.