शिवून टाकलेली लेस

माझं अक्षर किरटं आहे आणि शुद्धलेखनाच्या चुका होतात. चौथीनंतर शाळा सुटली, मग सहीशिवाय फारसं लिहिलं नाही. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

मी चहाचा ट्रे घेऊन रिसोर्स रूममध्ये गेले, तेव्हा मल्होत्रा मॅडम म्हणाल्या, "मंगल, ट्रे रखो और बैठो."

मी उभीच राहिले. दिल्लीतल्या द्वारका भागातल्या त्या शाळेत मी आया आहे. लहान मुलांना बाथरूमला न्यायचं, कोणी ओकलं तर पुसायचं, सुटल्यावर बसमध्ये बसवायचं, मीटिंग असली की चहा द्यायचा. त्या खोलीत खुर्च्यांवर आईवडील बसतात. आम्ही बसत नाही.

"तन्वी के बारे में बात करनी है."

मग मात्र बसले.

तन्वी माझी मुलगी. स्टाफची म्हणून तिची फी माफ आहे. तेव्हा ती चौथीत होती. मल्होत्रा मॅडम स्पेशल एज्युकेटर, म्हणजे ज्यांना शिकायला जड जातं अशा मुलांच्या टीचर. त्या म्हणाल्या, तन्वी तोंडानं गोष्ट छान सांगते, पण वाचायला उभी केली की अडते. फळ्यावरचं अर्धंच उतरवते. बाहेरच्या सायकॉलॉजिस्टकडून असेसमेंट करून घ्या, तीही वार्षिक परीक्षेच्या आत.

असेसमेंट म्हणजे तपासणी. त्यात सुई नसते. मुलाला वाचायला, लिहायला, ठोकळे जुळवायला देतात, आईला घरचं विचारतात. मग रिपोर्ट येतो.

मला भीती त्या रिपोर्टचीच होती. आदल्या वर्षी त्याच खोलीत एका आईनं रडत रडत मुलाचं सगळं सांगितलं होतं. पाण्याचा ग्लास मीच दिला होता. सुट्टीनंतर तो मुलगा आला नाही. त्याची टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, ऑफिसातून गेटवर मीच नेऊन दिली. मी मनाशी धरलं, जी आई सांगते तिचं मूल जातं.

माझे मिस्टर करोल बागेत गलाईच्या दुकानात आहेत. सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम. आमच्या विट्याकडची पुष्कळ माणसं ते करतात. ते म्हणाले, "काय विचारतील ते सांग. पण पोरीत काही कमी आहे असं तोंडातून काढू नकोस. तुझी नोकरीपण तिथंच आहे."

सरकारी हॉस्पिटलची तारीख परीक्षेनंतरची मिळाली. प्रायव्हेटची फी माझ्या पगारात बसणारी नव्हती. शाळेतल्या आम्ही आया कमेटी चालवतो, आपल्याकडची भिशी. सगळ्यांनी दर महिन्याला पैसे टाकायचे, एकीनं उचलायचे. माझा नंबर शेवटचा होता. त्या महिन्याचा कमलेशचा. कमलेश पानिपतकडची, तोंडानं फटकळ. तिला वॉशिंग मशीन घ्यायची होती. तरी मी तिच्याकडे मागितले.

"ले जा," ती म्हणाली. "तेरा नंबर आए तब मुझे दे देना. तब तक हाथ थोड़े ही टूट गए हैं मेरे. पर सुन, डॉक्टरनी के सामने रोना मत. तेरा तो नल ज़रा में खुल जाता है."

सायकॉलॉजिस्ट नोएडाला होती. मेट्रोत मी तन्वीला सांगत राहिले, नीट बस, न अडखळता बोल, खोकू नकोस. ती म्हणाली, "मम्मी, खोकल्यावर पण मार्क असतात?"

तिला आत बराच वेळ ठेवलं. बाहेर मी देवाचं नाव घ्यायला गेले तर तेही सलग येईना. मग मला बोलावलं. मॅडम वयानं लहान होत्या, आवाज मऊ.

"होमवर्क खुद करती है?"

"हाँ जी."

"घड़ी देख लेती है?"

"हाँ जी."

शाळेत वरच्या माणसानं काही विचारलं की आमच्या तोंडून हेच निघतं. विचार करावा लागत नाही.

"जूते की लेस खुद बाँधती है?"

"हाँ जी. रोज़."

त्यांनी तन्वीला जवळ घेतलं. "बेटा, एक बार खोलके बाँधो."

तन्वीनं माझ्याकडे पाहिलं, मग बुटाकडे. पीटीचे पांढरे बूट होते. "खुलती नहीं है," ती म्हणाली. "मम्मीने सिल दी है."

खरंच शिवली होती. गाठ मारून वरून दोऱ्यानं टाके घातलेले, आत इलॅस्टिक. पाय घातला की झालं. केजीच्या मुलांसाठी मी शाळेत हे करते. तन्वीसाठी चौथीतही करत होते.

तन्वीला वाटलं, आईचं कौतुक चाललंय. "मम्मी कॉपियों पर बटन भी चिपकाती है. बड़ा बटन मैथ्स, छोटा हिंदी. नाम पढ़ना ही नहीं पड़ता."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं. मुलीची शाळा गेली, माझी नोकरी गेली.

"ये सब कब से कर रही हैं आप?" त्यांनी विचारलं. आवाज अजून मऊच होता. त्यानंच माझा नळ उघडला.

सगळं सांगितलं. ती अक्षरं उलटी काढते. काटे बघून वेळ सांगता येत नाही. हिंदीचा धडा मी वाचते आणि ती ऐकून पाठ करते, कारण अक्षरं आपलीच आहेत, मला लागतात. इंग्रजी शेजारच्या मुलीकडून वाचून घेते. आणि पुढच्या वर्षी पाचवी. तिथं मी स्वतःच कधी गेले नाही, मग तिला कशी नेऊ?

त्या लिहीत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आप 'हाँ जी' पर ही रहतीं, तो मैं भी यही समझती कि बच्ची ध्यान नहीं देती."

परतताना मिस्टरांना काय सांगायचं हेच डोक्यात होतं. घरी म्हटलं, "विचारलं त्याची उत्तरं दिली." ते म्हणाले, "मग रडलीस कशाला?" मी पोळ्यांना लागले.

रिपोर्ट येईपर्यंत ऑफिसातून कोणी हाक मारली तरी मला टीसीच दिसायची. शेवटी हाक आलीच. आत प्रिन्सिपल मॅडमही होत्या. मी खुर्चीच्या कडेला टेकले. मल्होत्रा मॅडम वाचून सांगू लागल्या. बुद्धी चांगली. वाचण्या-लिहिण्यात अडचण, त्याला लर्निंग डिसॅबिलिटी म्हणतात. पुढचं मला ऐकू येईना.

"टीसी कब मिलेगी?" मी विचारलं.

"किसकी टीसी?"

मी त्या मुलाचं नाव घेतलं. दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मल्होत्रा मॅडमनी कपाळाला हात लावला. "अरे मंगल! उसके पापा सरकारी नौकरी में थे. चेन्नई ट्रान्सफर हो गया उनका!"

प्रिन्सिपल मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ये रिपोर्ट बच्ची को निकालने के लिए नहीं है. इसी से उसको मदद मिलेगी."

वर्षभर मी एका बदलीला भीत होते. दिल्लीत सरकारी माणसाची बदली म्हणजे रोजचंच. तरी ते मला सुचलं नाही.

आता तन्वीला परीक्षेत जास्त वेळ मिळतो, प्रश्न वाचून दाखवायला कोणीतरी बसतं, मल्होत्रा मॅडमकडे वेगळा तास असतो. वाचन अजून हळूच आहे. मिस्टर त्या रिपोर्टला हात लावत नाहीत. काही वर्षांनी तपासणी पुन्हा करावी लागेल, असं मल्होत्रा मॅडम म्हणतात. टाके मी उसवले. तिची गाठ जेवणाच्या सुट्टीपर्यंत सुटते, पण ती तिची असते.

इतकंच कळलं की तपासणी म्हणजे मुलगी दाखवायचा कार्यक्रम नव्हे. तिथं मुलाला नटवून नेऊ नये. पैसे आपलेच वाया जातात.

मग कमेटीत माझा नंबर आला. पाकीट न उघडता कमलेशला दिलं. तिनं थुंकी लावून दोनदा मोजलं.

"पूरे हैं," ती म्हणाली. "अब मशीन आएगी. तू अपना नल बंद रखना."